रोमचे पाच दिवस, बदलापूरची पाच वर्षं

अमेरिकेने रोमकडून सिनेट घेतलं, व्हेटो घेतला, झालंच तर सजावटही. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात सभापतींच्या आसनामागे दोन्ही बाजूंना रोमन सत्तेची खूण असलेले काठ्यांचे जुडगे आजही दिसतात. पण रस्ता, बाजार, इमारती या खात्यांत रोमचे नातेवाईक शोधायचे असतील, तर कर्जत लोकल पकडावी.

रोममध्ये 'एडाइल' नावाचा पदाधिकारी असे. रस्ते, बाजारातली वजनमापं, सार्वजनिक इमारती त्याच्याकडे, आणि वर लोकांची करमणूक. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ६५ मध्ये या पदावर असताना ग्लॅडिएटरांच्या ३२० जोड्या उतरवल्या, असं प्लुटार्क सांगतो. त्यासाठी कर्ज काढलं, पण नाव झालं. आपल्याकडच्या दहीहंडी आयोजकांना हे वेगळं समजवायला नको.

बॅनरबाजीही तीच. पॉम्पेईच्या भिंतींवर निवडणुकीच्या रंगवलेल्या जाहिराती अजून शाबूत आहेत. वाटिया नावाच्या उमेदवाराला तर 'रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा' जाहीर पाठिंबा! हा खोडसाळपणा बहुधा विरोधकांचा.

आता खरी गंमत. रोमच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याची, म्हणजे कॉन्सलची, खुर्ची रिकामी पडली की सिनेटर पाळीपाळीने 'इंटररेक्स' होत. एकाची पाळी पाच दिवसांची. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची मुदत २०२० मध्ये संपली, मतदान झालं डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात प्रशासक. आकडा दोन्हीकडे पाचच, फक्त दिवसांची वर्षं झाली. जुन्या रोममध्ये हुकूमशहालासुद्धा सहा महिन्यांच्या वर मुदत नव्हती!

अमेरिकी थाट हवा असेल तर तोही इथेच आहे. अंबरनाथ-बदलापूरचा नगराध्यक्ष थेट जनता निवडते. शेजारच्या उल्हासनगरात महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे.

उल्हासनगरचं रोमशी नातं मात्र इमारतींचं. रोममधल्या भाड्याच्या बहुमजली चाळी कोसळत, जळत. सम्राट ऑगस्टसने उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली. पुढे सम्राट ट्राजनने ती ६० वर आणली. म्हणजे पहिला नियम कितपत पाळला गेला, हे उघड आहे. आपल्याकडे २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता कायदा झाला, अनधिकृत बांधकामं दंड आकारून नियमित करण्याचा. ही युक्ती ऑगस्टसला सुचली नाही.

राहिला व्हेटो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचा नकार काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी मोडू शकते. रोममध्ये सामान्य जनतेचे दहा ट्रिब्यून असत, आणि त्यांच्यातल्या एकट्यानेही 'नाही' म्हटलं की काम ठप्प. बदल्यात अटी कडक होत्या. ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं हवं आणि वर्षभर एकही रात्र शहराबाहेर काढायची नाही. म्हणजे रिसॉर्टचा प्रश्नच मिटला.