चिक्कीच्या पाकानंतर

लोणावळ्याहून चिक्कीचा पुडा न घेता परतणाऱ्याला घरचे दारातच जाब विचारतात! त्याच लोणावळ्यात डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने 'मगनलाल'ला चिक्कीचे उत्पादन व विक्री थांबविण्याचा आदेश दिला. मालात विष सापडले म्हणून नव्हे. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत तो तपासलेला नव्हता, म्हणून. पुढे विक्री पुन्हा सुरू झाली. पुष्कळांना ही कागदी कटकट वाटली. मला मात्र वाटत नाही.

गुळाच्या उकळत्या पाकात जंतू सहसा टिकत नाहीत. धोका असतो तो नंतरचा: पाट, लाटणे, सुरी, हात आणि कच्च्या शेंगदाण्यांची धूळ! साल्मोनेला हा जंतू कोरड्या पदार्थात वाढत नसला, तरी महिनोन्‌महिने तग धरतो. २००८-०९ साली अमेरिकेत शेंगदाण्याच्या लगद्यातून पसरलेल्या त्याच्या साथीत ९ माणसे दगावली. शिवाय ओलसर भेगांतून जंतू वसाहत करतात आणि स्वतःभोवती चिकट थर धरतात. वरवरच्या धुण्याने तो निघत नाही.

म्हणून निर्जंतुक बोळ्याने फटी पुसून पाहावयाच्या. मालाचा नमुना पोषक द्रवात ठेवून अर्धमेल्या जंतूंना आधी चक्क टवटवीत करावयाचे, मग ओळखावयाचे. जुन्या पद्धतीने ह्याला चार-पाच दिवस लागतात. तोवर माल गुदामातच बरा, मग दारात गिऱ्हाइकांची कितीही रांग असो.