फाल्गुनरावांचे फ्रेंच पूर्वज

रस्त्यात एक तरुणी घेरी येऊन पडते. तिथून चाललेला एक गृहस्थ तिला सावरतो आणि नेमके तेवढेच त्याची बायको पाहते. तरुणीच्या हातून निसटलेली तिच्या प्रियकराची तसबीर या बायकोच्या हाती लागते, आणि बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळत उभी असताना नवरा तिथे येऊन ठेपतो. ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहिलेल्या माणसाला फाल्गुनराव आणि कृत्तिका आठवायला एवढे पुरे आहे. हाच घोटाळा 28 मे 1660 रोजी पॅरिसमध्ये मोलिएरने रंगमंचावर आणला होता. त्याच्या नाटकात नवऱ्याचे नाव स्गानारेल. पुढे आर्थर मर्फी या नाटककाराने 1761 मध्ये त्यावरून इंग्रजी नाटक रचले, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 मध्ये गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिले, आणि 1916 मध्ये पदांसह ते ‘संशयकल्लोळ’ झाले.

ही वंशावळ नाट्यप्रेमी वाचकांना ठाऊक असते. तिची दुसरी शाखा मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. संशयी पुरुष हा विषय मोलिएरने सहा वर्षांत तीनदा हाताळला. एकदा निव्वळ प्रहसन म्हणून, एकदा गंभीरपणे, आणि तिसऱ्यांदा असा, की प्रेक्षकाला हसावे की हळहळावे ते कळू नये. हसे आणि दुःख एकाच माणसात कसे एकजीव होते, हे समजून घ्यायला या तीन नाटकांइतका चांगला धडा मला तरी जागतिक रंगभूमीवर दिसत नाही.

मोलिएरला विनोदी नट व्हायचे नव्हते. दरबारी गादीकाम करणाऱ्या सधन बापाचा हा मुलगा, खरे नाव झाँ-बाप्तिस्त पोक्लँ. घरचा धंदा सोडून 1643 मध्ये त्याने नाटक कंपनी काढली, ती बुडाली, 1645 मध्ये कर्जापायी तुरुंगवास झाला. मग तेरा वर्षे गावोगाव फिरती. 24 ऑक्टोबर 1658 रोजी तरुण चौदाव्या लुईसमोर खेळ करण्याची संधी आली, तेव्हा त्याने कोर्नेय या नाटककाराची शोकात्म धाटणीची ‘निकोमेद’ निवडली. दरबाराने ती शांतपणे पाहून घेतली. त्यानंतर मोलिएरने गावोगाव केलेले एक छोटे प्रहसन सादर केले आणि राजा खळखळून हसला. कंपनीला पॅरिसमध्ये जागा मिळाली ती त्या हसण्यामुळे. मनात मात्र शोकनायकच राहिला.

स्गानारेलचे ते प्रहसन म्हणजे मोलिएरच्या हयातीत सर्वाधिक वेळा रंगलेला खेळ. त्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. बायकोच्या कथित प्रियकराचा सूड घ्यायला स्गानारेल चिलखत चढवून बाहेर पडतो. त्याआधी त्याने स्वतःशी लांबलचक हिशेब केलेला असतो: अब्रू मोठी की जीव मोठा, आणि अब्रूपायी मेल्यावर पुढे काय? प्रत्यक्ष तो तरुण समोर येतो आणि विचारतो, हे अंगावर काय? स्गानारेल म्हणतो, पावसासाठी घातले आहे! मग स्वतःच्याच थोबाडीत मारून तो राग पेटवू पाहतो, पण पाय पुढे पडत नाही. प्रेक्षागृह हसते. त्या भेकडपणात खरी व्यथा आहे. या माणसाला खरोखर वाटते आहे की आपला संसार मोडला. पण नाटककार तिथे थांबत नाही, कारण प्रहसनाला थांबणे परवडत नाही.

पुढच्याच वर्षी, 4 फेब्रुवारी 1661 रोजी, ‘दों गार्सी द नाव्हार’ आले. इथे संशयी पुरुष राजपुत्र आहे, प्रेयसी राजकन्या आहे, भाषा उदात्त आहे, आणि नायकाच्या भूमिकेत स्वतः मोलिएर. वर्षानुवर्षे जे करायचे होते ते अखेर हाती आले होते. सात प्रयोगांत नाटक उतरवावे लागले. ते त्याने आयुष्यभर छापलेही नाही. पॅरिसला त्याच्या तोंडी दुःख नको होते, एवढाच निष्कर्ष काढून दुसरा कुणी मुकाट्याने प्रहसनांकडे वळला असता.

मोलिएरने मात्र त्या पडलेल्या नाटकातल्या ओळी जपून ठेवल्या. 4 जून 1666 रोजी ‘मिझांथ्रोप’, म्हणजे माणूसघाणा, रंगमंचावर आला. त्यातल्या चौथ्या अंकात नायक आल्सेस्त प्रेयसीचे पत्र हाती लागल्याने संतापून तिच्यावर तुटून पडतो, तेव्हा त्याच्या तोंडी दों गार्सीचीच काही पद्ये येतात. राजपुत्राच्या तोंडी जी पॅरिसला रुचली नाहीत, ती या माणसाच्या तोंडी अजरामर झाली. शब्द तेच, बोलणारा बदलला.

कोण हा आल्सेस्त? अंगरख्याला हिरव्या फिती लावणारा, दिखाऊपणाचा मनापासून तिटकारा असलेला सज्जन. तोंडावर गोड आणि पाठीमागे कडू बोलणारा समाज त्याला सहन होत नाही. ओरोंत नावाचा सरदार त्याला स्वतःचे सुनीत ऐकवतो आणि अगदी खरे मत सांग म्हणून आग्रह धरतो. आल्सेस्त आधी आडून बोलतो: मी एकाला असे सांगितले होते, दुसऱ्याला तसे. ओरोंत विचारतो, म्हणजे माझी कविता वाईट? तसे मी म्हणत नाही, हे उत्तर तो पुन्हा पुन्हा देतो. शेवटी बांध फुटतो आणि सुनीताच्या चिंध्या होतात. प्रकरण थेट मार्शलांच्या दरबारात जाते. दुसरीकडे एका लबाडाशी त्याचा खटला चालू आहे. न्यायाधीशांना भेटायला तो नकार देतो. हरलो तर वीस हजारांचा फटका बसेल, पण जग किती सडले आहे याचा लेखी पुरावा मिळेल, असे त्याला वाटते. खटला तो हरतोच, आणि अपीलही करत नाही.

असा हा माणूस प्रेम करतो सेलिमेनवर. विशीतली विधवा, हुशार, भोवती चाहत्यांचा गोतावळा, आणि प्रत्येकाची पाठीमागे टिंगल करण्यात पटाईत. ज्याचा त्याला राग आहे ते सगळे तिच्यात आहे, हे त्याला स्वतःला माहीत आहे. पत्र दाखवल्यावर ती शांतपणे विचारते, हे एखाद्या बाईला लिहिलेले असले तर? आल्सेस्तचा सगळा आवेश ओसरतो. निदान एकनिष्ठ असल्याचा प्रयत्न तरी दाखव, मी विश्वास ठेवण्याचा प्रयत्न करीन, अशी तो गयावया करतो. सत्याचा कैवारी खोटे मागतो आहे! आणि नेमक्या त्या क्षणी नोकर ड्युब्वा धापा टाकत येतो, तातडीचा कागद आणला म्हणून खिसे चाचपतो, आणि तो टेबलावरच राहिला असे सांगतो. याहून क्रूर आणि याहून दयाळू प्रवेश मी वाचलेला नाही.

स्पेनचा डॉन किहोते याच कुळातला. पण तो वेडा आहे, आणि त्याच्या वेडामुळे आपल्याला एक सुरक्षित अंतर मिळते. आल्सेस्तच्या बाबतीत ते मिळत नाही. त्याचे जवळजवळ प्रत्येक म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच रूसोला हे नाटक झोंबले. 1758 मध्ये दालांबेरला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्याने मोलिएरवर ठपका ठेवला, की त्याने सद्गुणी माणसालाच हास्यास्पद करून दाखवले. रूसोचा संताप मला समजतो, पण पटत नाही. आल्सेस्त चांगला आहे म्हणून हसू येत नाही. आपण एकटेच चांगले आहोत या खात्रीमुळे तो हसवतो, आणि त्या खात्रीची पूर्ण किंमत मोजतो म्हणून आपण त्याला सोडून जाऊ शकत नाही. स्गानारेलची व्यथा नाटककाराने हशाखाली झाकली होती, दों गार्सीचे हसे त्याने भाषेच्या भरजरीखाली दडवले होते. आल्सेस्तमध्ये दोन्ही उघड्यावर आली.

पहिल्या प्रयोगात आल्सेस्त होता मोलिएर आणि सेलिमेन होती त्याची पत्नी आर्माँद बेजार. या जोडप्यातल्या बेबनावाच्या कथा तेव्हापासून चघळल्या गेल्या आहेत. मला त्यात रस नाही. मोलिएरच्या छातीच्या दुखण्याचे मात्र तसे नाही, कारण ते त्याने स्वतःच नाटकांत घेतले. ‘लाव्हार’मधल्या कंजूष आरपागोंचा खोकला हा मुळात त्याचा स्वतःचा. अखेरच्या नाटकात, ‘काल्पनिक रोगी’मध्ये, तो ठणठणीत असून आजारपण कुरवाळणारा आरगाँ झाला. त्यात आरगाँ मोलिएर नावाच्या नाटककाराला शिव्या घालतो: मी डॉक्टर असतो तर त्याला औषधावाचून मरू दिले असते. हे वाक्य खरोखर मरणाऱ्या माणसाने स्वतःविषयी लिहिले आणि स्वतःच म्हटले. 17 फेब्रुवारी 1673 रोजी चौथ्या प्रयोगात, शेवटच्या समारंभात त्याला आचका आला. तो त्याने हसून लपवला, प्रयोग पुरा केला, आणि त्याच रात्री घरी त्याने प्राण सोडला. नटाचा पेशा सोडल्याचे लिहून दिल्याशिवाय चर्चमध्ये अंत्यविधी होत नसे. आर्माँदने राजाला साकडे घातले, तेव्हा कुठे 21 तारखेला रात्रीच्या वेळी दफनाची परवानगी मिळाली.

कंपनीने 24 फेब्रुवारीला नाट्यगृह पुन्हा उघडले. त्या दिवशी लावले ते ‘मिझांथ्रोप’, आणि आल्सेस्तच्या भूमिकेत उभा राहिला मोलिएरनेच घडवलेला एकोणीस वर्षांचा बारों.