मोरोनिका देशाचा हुकूमशहा

हिटलरची टर उडवणारा चित्रपट म्हटले की चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ आठवतो. तो ऑक्टोबर १९४० मध्ये आला. पण मुलांनो, त्याच्या नऊ महिने आधी, १९ जानेवारी १९४० रोजी, अमेरिकेत जेमतेम अठरा मिनिटांचा एक लघुपट झळकला होता. नाव ‘यू नाझ्टी स्पाय!’ ‘नॅस्टी’ म्हणजे दुष्ट, ओंगळ. त्यात ‘नाझी’ घुसवून केलेली ही कोटी.

त्यात होते ‘थ्री स्टूजेस’ हे त्रिकूट. डोक्यावर वाडगा ठेवून कापल्यासारखे केस असलेला मो, पिंजारलेल्या केसांचा लॅरी आणि तुळतुळीत गोटा केलेला कर्ली. (कर्ली म्हणजे कुरळा!) टपल्या, चापट्या, धडपडणे असल्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. जुन्या इटालियन नाटकातला विदूषक दोन पातळ फळ्यांची काठी वापरी. आवाज मोठा, मार थोडा. तिच्यावरून हा शब्द आला. मो दुसऱ्याच्या डोळ्यांत बोटे घालतो ती केवळ हातचलाखी. मधल्या सुट्टीत कोणी करून पाहू नये!

गोष्ट अशी. मोरोनिका, म्हणजे मूर्खांचा देश. तिथला राजा शांतताप्रिय, म्हणून शस्त्रे बनवणाऱ्या तीन कारखानदारांचा धंदा बसलेला. त्यांना राजाच्या जागी एक हुकूमशहा हवा असतो. अट एकच: तो आपण सांगू ते ऐकण्याइतका मूर्ख असावा. त्याच घरात तीन कारागीर भिंतीला कागद चिकटवत असतात. झाली निवड! मोच्या ओठावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटतो आणि हिटलर तयार होतो. लॅरी प्रचारमंत्री, तर कर्ली छातीभर पदके लावलेला सेनापती. शेवटी जनता उठते, तिघे पळत सुटतात ते थेट सिंहांच्या तावडीत.

हे सारे पोरकट वाटेल. पण मो आणि कर्ली सख्खे भाऊ, मूळ आडनाव हॉरविट्झ, लॅरीचे फाइनबर्ग. तिघेही ज्यू. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरने पोलंडवर हल्ला केला आणि त्याच डिसेंबरात हे चित्रण झाले. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये, म्हणजे पुढे दोन वर्षांनी. परदेशांना आणि त्यांच्या नेत्यांना दुखवू नये, असा चित्रपटधंद्याचा स्वतःचाच नियम होता. मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या विनोदी तुकड्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहत नसावे, म्हणून तो निसटला असेल, असे आम्हाला वाटते.

खरे सांगायचे तर त्यातल्या कित्येक कोट्या आज आम्हाला हसवत नाहीत. आणखी एक अडचण आहे. छळछावण्यांतील भयानक प्रकार ठाऊक असते तर आपण तो चित्रपट काढूच शकलो नसतो, असे चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिले. मग या तिघांचे काय? १९४० च्या जानेवारीत पुढचे कोणालाच दिसत नव्हते. त्यांनी समोरच्या भपकेबाज, आरडाओरडा करणाऱ्या माणसाची नक्कल केली, इतकेच. पण मोचे ते भाषण ऐकताना कान द्या. जर्मनसारख्या वाटणाऱ्या त्या बडबडीत मधूनच यिद्दिश शब्द येतात. यिद्दिश ही युरोपातल्या ज्यूंची घरची बोली. ती हिटलरच्या तोंडी घातली होती हॉरविट्झांच्या पोराने.