गाठ, करवत आणि मरणारी झाडं

बुंध्यावर घाव घालून झाड आडवं करायचं ही जंगलातली सोय. शहरात त्याच झाडाखाली कौलं असतात, विजेच्या तारा असतात, शेजाऱ्याची गाडी असते. तिथे झाड वरून खाली, तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं आणि त्यासाठी माणसाला शेंड्यापर्यंत जावं लागतं. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये गेल्या सव्वाशे वर्षांत या कामाचा स्वतंत्र धंदा झाला. त्याच्या साधनांचा इतिहास मला तरी प्रामुख्यानं घर्षणाचा इतिहास वाटतो. दोरीनं कधी धरायचं आणि कधी सोडायचं, एवढ्याच प्रश्नाभोवती तो फिरत राहिला आहे.

जॉन डेव्ही हा मूळचा इंग्लंडचा, पुढे अमेरिकेत ओहायोतल्या केंट गावी स्थायिक झालेला माळी. 1901 साली त्यानं ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढलं आणि झाडांवर उपचार करणाऱ्यांची एक पिढीच घडवली. त्या पिढीकडे मनिला दोर आणि हातकरवत याखेरीज फारसं काही नव्हतं. दोर वरच्या बेचक्यातून ओवायचा. एक टोक कमरेला बांधायचं आणि त्याच टोकाच्या उरलेल्या शेपटीनं दुसऱ्या पदरावर गाठ मारायची. भार आला की गाठ आवळते, हातानं खाली ओढली की सरकते. बसायला पट्टा नसे. दोराचेच दोन फास करून त्यांत मांड्या अडकवायच्या. दोर दुपदरी असल्यानं स्वतःला वर ओढायला जोर निम्मा लागे, पण निम्मंच अंतर चढून होई. मनिला दोर भिजला की फुगायचा, गाठ अडायची. बाहेरून ठणठणीत दिसणारा दोर आतून कुजलेला असू शके. शिवाय ती गाठ हळूहळू शेपटी गिळत सुटत जाई, म्हणून टोकाला आणखी एक गाठ मारून ठेवावी लागे. ती विसरली की संपलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि मग पॉलिएस्टर आलं. कुजण्याची भीती गेली, पण भराभर खाली उतरलं की गाठीतला धागा वितळून काचेसारखा गुळगुळीत होऊ लागला. गाठी सुधारल्या त्या गिर्यारोहक आणि गुहांत उतरणाऱ्यांच्या संगतीनं. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकची गाठ 1931 ची. झाडांवर आज सर्वांत ओळखीची गाठ जेसन ब्लेकच्या नावानं चालते, कारण 1994 मध्ये त्यानं ती धंद्यातल्या मंडळींपुढे मांडली. हाइन्झ प्रोहास्का या दुसऱ्या ऑस्ट्रियन माणसानं ती आधीच लिहून ठेवली होती, पण ती गुहावाल्यांच्या नियतकालिकात. नाव राहिलं ब्लेकचं.

करवतीची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती सर्वांना ठाऊक असते. आंद्रेयास श्टीलची 1926 ची विजेवर चालणारी साखळी-करवत दोघांनी उचलायची होती. ती घेऊन झाडावर चढण्याचा प्रश्नच नव्हता. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या जो कॉक्सनं लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून साखळीच्या दातांना नवा आकार दिला. 1959 च्या श्टील ‘कॉन्ट्रा’चं वजन सुमारे 12 किलो होतं. पुढे वरून मूठ असलेल्या छोट्या करवती आल्या आणि हातकरवत मागे पडली. तरी फांदीच्या टोकाशी आजही जपानी बाकदार हातकरवतच बरी पडते.

या सगळ्या काळातली सर्वांत मोठी सुधारणा मात्र कुठल्याच अवजाराची नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि 1970 च्या दशकात सांगितलं की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही. त्याभोवती भिंती घालून ते वेगळं टाकतं. म्हणजे फांदी खोडालगत सपाट कापणं चूक, जखमेला रंग फासणं व्यर्थ. डेव्हीच्या पिढीला ज्याचा अभिमान होता ते ढोलीत सिमेंट भरणंही निकालात निघालं. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर वापरायचे, हा नियम पक्का झाला. बेचक्यात दोर घासून साल सोलते म्हणून तिथे कड्यांचा पट्टा अडकवायची पद्धत रुळली. त्यात दोरही वाचला आणि घर्षण प्रत्येक खेपेला सारखंच मिळू लागलं.

आपल्या कोकणात नि गोव्यात माडावर चढणाऱ्या पाडेल्याला यातलं बरंचसं निरुपयोगी आहे. माडाला बेचकं नाही, तर दोर ओवणार कशातून? तो पायांत दोरीची वळी अडकवून खोडाशीच घर्षण साधतो. पण शायगोचा धडा माडाला जास्तच लागू पडतो. माडाला सालीखालचा वाढता थर नसतो, त्यामुळे पाय ठेवायला खोडावर घातलेल्या खाचा माड जगेल तोवर तशाच राहतात. केरळच्या चेंबेरीतल्या एम. जे. जोसेफ यांच्या पायऱ्यांच्या यंत्राला खाचा लागत नाहीत. 2011 मध्ये नारळ विकास मंडळानं तरुणांना यंत्रानं चढायला शिकवायची मोहीम काढली, ती मात्र झाडाच्या काळजीपोटी नव्हे. चढणारी माणसंच मिळेनाशी झाली होती म्हणून.

इंग्लंडात धंदा वाढला तो झाडं मेल्यामुळे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर एल्म वृक्षांच्या रोगाची जहाल जात तिथे पोचली आणि अडीच कोटींहून अधिक एल्म गेले. ऑक्टोबर 1987 च्या वादळात एका रात्रीत सुमारे दीड कोटी झाडं पडली. घरांवर झुकलेली, एकमेकांत अडकून ताणलेली झाडं मोकळी करायची म्हणजे ओंडका दोरीनं खाली सोडण्याची विद्या हवी. ओंडक्याचा दोर त्याच्या खालच्या खोडालाच बांधलेला असेल, तर कापल्यावर तुकडा आधी मोकळा पडतो आणि मग दोराला झटका बसतो. तो झटका ओंडक्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो आणि चढणारा ज्या खोडाला पट्ट्यानं बांधलेला आहे त्याच खोडाला बसतो. त्याचा जीव तेव्हा खालच्या सहकाऱ्याच्या हातात. त्यानं दोर थोडा पळू दिला पाहिजे. पूर्वी खालचा दोर बुंध्याभोवती गुंडाळत. साल ओली की कोरडी यावर त्याची पकड ठरे. नंतर बुंध्याला बांधायचा धातूचा नळा आला. वेढे मोजून द्यायचे, म्हणजे पकड किती मिळणार याचा अंदाज बांधता येतो.

2010 नंतर चढण्याच्या साधनांत झपाट्यानं बदल झाले. केव्हिन बिंगहॅमच्या ‘रोप रेंच’मुळे घर्षण गाठीत आणि वरच्या छोट्या खटक्यात वाटलं गेलं आणि एकेरी, स्थिर दोरावर चढून त्याच दोरावर उतरणं सोपं झालं. गाठीच्या जागी पेत्झल कंपनीचं ‘झिगझॅग’ हे कड्यांचं यंत्र आलं. काही नगांना तडे सापडल्यानं 2013 मध्ये ते परत मागवावं लागलं. गाठ निदान झिजताना डोळ्यांना दिसते, हे जुन्या लोकांचं म्हणणं तेव्हा उगाच वाटलं नसेल. ब्रिटनमध्ये 1998 पासूनच्या नियमांनुसार अंगावरच्या साधनांची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, आणि 2020 च्या सुमारास एकाऐवजी दोन दोरांवर काम करण्याचा आग्रह आला. दोन दोर फांद्यांत गुंततात म्हणून त्यावर पुष्कळ कुरकुर झाली. करवतीनं स्वतःचाच दोर कापणारे असतात, हे लक्षात घेतलं तर मला तो आग्रह रास्त वाटतो.

पण दोन दोरही शेवटी झाडालाच बांधायचे. अ‍ॅश झाडांना शेंड्याकडून वाळवत नेणारी बुरशी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळली. तिनं ग्रासलेलं लाकूड ठिसूळ होतं आणि पूर्वसूचना न देता तुटतं. उत्तम दोर, उत्तम गाठ, आणि वरची फांदीच हातात येते. म्हणून अशा झाडांवर चढूच नये, ट्रकवरच्या उचलपाळण्यातून किंवा फांदी पकडून कापणाऱ्या क्रेनच्या जबड्यानं काम करावं, अशी रीत पडते आहे. जिथे रस्त्यालगत मोकळी जागा आहे तिथे ते जमतं. ओळीनं जोडलेल्या घरांच्या मागच्या परसात, जिथे जायला हातगाडीपुरता बोळ असतो, तिथे क्रेन पोचत नाही. तिथे शेजारचं एखादं धडधाकट झाड शोधून त्यात दोर ओवतात आणि मरणाऱ्या झाडाशी तिथून लोंबकळत काम करतात.