पोस्टग्रेस्क्यूएलमधील मेमरी नियोजन

पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्त-स्रोत डेटाबेस सर्व्हरच्या निरनिराळ्या कामांसाठी किती मेमरी वापरली जावी, हे प्राचलांद्वारे ठरवण्याच्या प्रक्रियेस मेमरी नियोजन म्हणतात. डिस्कवरून वाचन करण्यास मेमरीच्या तुलनेत कित्येक पट अधिक वेळ लागतो. त्यामुळे सर्व्हरचा वेग बऱ्याच अंशी या वाटणीवर अवलंबून असतो. प्राचलांची मूळ मूल्ये लहान संगणकांवरही चालतील इतकी कमी असतात. मोठ्या सर्व्हरवर ती वाढवावी लागतात. मात्र अविचाराने वाढवलेले मूल्य सर्व्हर बंद पडण्यासही कारणीभूत ठरू शकते.

सामायिक मेमरी

पोस्टग्रेस्क्यूएल माहिती ८ किलोबाइटच्या पानांमध्ये साठवते. वाचलेली पाने 'शेअर्ड बफर्स' या सर्व जोडण्यांसाठी सामायिक असलेल्या भागात ठेवली जातात. त्याचे मूळ मूल्य साधारणतः १२८ मेगाबाइट असते. केवळ डेटाबेससाठी राखीव असलेल्या सर्व्हरवर एकूण मेमरीच्या २५ टक्के हे योग्य प्रारंभिक मूल्य मानले जाते. ऑपरेटिंग सिस्टिमदेखील फाइलींची पाने स्वतःच्या कॅशमध्ये ठेवत असल्याने ४० टक्क्यांहून अधिक वाटा दिल्यास सहसा लाभ होत नाही. हे मूल्य बदलल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

'इफेक्टिव्ह कॅश साइझ' हे प्राचल प्रत्यक्षात मेमरी राखून ठेवत नाही. एकंदर किती कॅश उपलब्ध असेल, याचा अंदाज ते क्वेरी नियोजकाला देते. हा अंदाज मोठा असल्यास नियोजक निर्देशांकाचा वापर करण्याकडे अधिक झुकतो.

कामापुरती मेमरी

क्रमवारी लावणे, हॅश तक्ता बांधणे अशा क्रियांसाठी 'वर्क मेम' ही मर्यादा असते. मूळ मूल्य ४ मेगाबाइट आहे. ती अपुरी पडल्यास उरलेले काम डिस्कवरील तात्पुरत्या फाइलींमध्ये केले जाते व क्वेरी मंदावते. ही मर्यादा संपूर्ण सर्व्हरसाठी किंवा एका जोडणीसाठी नसून प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र असते. एकाच क्वेरीत अशा अनेक क्रिया असू शकतात. आवृत्ती १५ पासून हॅश क्रियांना मुळातच याच्या दुप्पट मेमरी वापरता येते.

उदाहरणार्थ, १६ गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर शेअर्ड बफर्स ४ गिगाबाइट व वर्क मेम ६४ मेगाबाइट ठेवले, असे समजू. १०० जोडण्यांनी एकाच वेळी प्रत्येकी दोन क्रमवाऱ्या लावून मर्यादा पूर्ण वापरल्यास १०० × २ × ६४ = १२,८०० मेगाबाइट, म्हणजे १२.५ गिगाबाइट लागतील. सामायिक भागासह ही बेरीज १६.५ गिगाबाइट होते. मेमरी अशी संपल्यास लिनक्स एखादी प्रक्रिया सक्तीने थांबवू शकते. ती डेटाबेसची असल्यास सर्व जोडण्या तुटून पुनर्प्राप्तीची प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणून सर्वांसाठीचे मूल्य माफक ठेवून, मोठ्या अहवालासारख्या कामापुरतेच ते त्या सत्रात वाढवणे सुरक्षित ठरते.

निर्देशांक बांधणे, व्हॅक्यूम इत्यादी देखभालीच्या कामांसाठी 'मेंटेनन्स वर्क मेम' हे वेगळे प्राचल असून त्याचे मूळ मूल्य ६४ मेगाबाइट आहे.

मोजमाप

'एक्स्प्लेन ॲनलाइझ' या आज्ञेने क्रमवारी मेमरीत झाली की डिस्कवर, हे कळते. 'लॉग टेम्प फाइल्स' हे प्राचल चालू केल्यास तात्पुरत्या फाइलींची नोंद होते. एका वेळी एकच मूल्य बदलून नेहमीच्या कामाच्या भाराखाली पुन्हा मोजमाप केल्यास त्या बदलाचा परिणाम स्पष्ट होतो.