गृहजालातील एका संगणकावर संदेशन कार्यक्रमास प्रतिबंध : पद्धती व मर्यादा

बीजसंज्ञा : गृहजाल, राउटर, पोर्ट, फायरवॉल, संदेशन

प्रस्तावना :
अनेक घरांत एकाच इंटरनेट जोडणीवर पालकांचे कार्यालयीन काम व पाल्यांचा अभ्यास चालतो. परीक्षेच्या काळात पाल्याच्या संगणकावरील संदेशन कार्यक्रम बंद असावा, ही पालकांची अपेक्षा स्वाभाविक होय. मात्र संपूर्ण जालावर बंदी घातल्यास पालकांचेही काम थांबते. म्हणून हा प्रतिबंध एकाच संगणकापुरता कसा ठेवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

१) संगणकाची निश्चिती :
राउटर प्रत्येक संगणकास खासगी आयपी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. हा पत्ता कायम नसतो. तो बदलल्यास नियम भलत्याच संगणकास लागू होतो. यासाठी संगणकाच्या मॅक पत्त्यावरून राउटरमध्ये एक आयपी पत्ता राखून ठेवावा. वाय-फाय व केबल यांचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात, याचे भान ठेवावे.

२) पोर्टनिहाय प्रतिबंध :
१९९९ मध्ये आलेला एमएसएन मेसेंजर १८६३ क्रमांकाचे, तर याहू मेसेंजर ५०५० क्रमांकाचे पोर्ट वापरत असे. हे पोर्ट बंद केले तरी दोन्ही कार्यक्रम संकेतस्थळांसाठी खुल्या असलेल्या ८० क्रमांकाच्या पोर्टवरून मार्ग काढू शकत. या सेवा आता इतिहासजमा झाल्या आहेत. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाला. अडचण मात्र कायम आहे. व्हॉट्सॲपसारखे कार्यक्रम ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालू शकतात, आणि बँका व महाविद्यालये यांची संकेतस्थळेही त्याच पोर्टवर चालतात. ते बंद करणे म्हणजे जवळजवळ इंटरनेटच बंद करणे होय.

३) नावावरून प्रतिबंध :
काही राउटरमध्ये ठरावीक संगणकासाठी विशिष्ट संकेतस्थळांची नावे रोखता येतात. ब्राउझरमधून चालणाऱ्या संदेशनासाठी हा उपाय उपयुक्त ठरतो. परंतु २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या सांकेतिक डीएनएस पद्धतीत ब्राउझरची विचारणा राउटरला वाचता येत नाही. त्यामुळे ब्राउझरमधील ही सोय बंद ठेवावी लागते.

४) संगणकावरील फायरवॉल :
विंडोज एक्सपीची फायरवॉल केवळ बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखत असे. संदेशन कार्यक्रम स्वतःच बाहेर जोडणी करतो, म्हणून तिचा येथे उपयोग नव्हता. व्हिस्टापासून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही कार्यक्रमनिहाय नियम करता येतो. पोर्ट कोणतेही असो, त्या कार्यक्रमाची वाहतूक थांबते आणि इतर संगणक अबाधित राहतात. मात्र पाल्याचे खाते प्रशासकाचे नसावे. अन्यथा नियम सहज काढून टाकता येतो.

निष्कर्ष :
एका संगणकासाठी फायरवॉलचा नियम व मर्यादित अधिकारांचे खाते हा मुख्य उपाय, तर राउटरवरील नावनिहाय नियम हा पूरक उपाय मानावा. नियम केल्यानंतर कार्यक्रम, ब्राउझर व पालकांचा संगणक या तिन्ही ठिकाणी पडताळणी करावी. मोबाइलच्या स्वतंत्र इंटरनेट जोडणीवर यांपैकी कोणताही उपाय चालत नाही. म्हणून प्रतिबंध लपवून न लादता त्याचे कारण व मुदत पाल्यास आधी सांगणे इष्ट ठरते. तंत्र अडथळा उभा करते. अभ्यासाची शिस्त घरातील विश्वासातूनच येते.