छकुलीला कोणी ढकलले?

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणी, जेवण सगळे यथासांग झाले आणि रात्री मेव्हणे आम्हाला आपल्या मोटारीतून घरी पोचवायला निघाले. पुढे सौ. आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची छकुली. मागे मी आणि माझ्या मांडीवर चकल्यांचा डबा. वाटेत एक कुत्रे आडवे आले. मेव्हण्यांनी करकचून ब्रेक लावला. डबा उडाला, आणि छकुली आईच्या हातांतून निसटून समोरच्या फळीवर आदळली! वेग बेताचाच होता, म्हणून कपाळावरच्या टेंगळावर भागले.

"दादा, केवढा जोरात ब्रेक लावलास!"

"अगं, पोरीला घट्ट धरायचं नाही का?"

बहीणभावांचा हा वाद घरापर्यंत चालला. मी मात्र विचारात पडलो. छकुलीला पुढे ढकलले कोणी?

वाचकहो, कोणीच नाही! ब्रेक लागला तो चाकांना. मोटार थांबली, छकुलीला कोणी थांबवलेच नाही, म्हणून ती आपल्या पहिल्याच वेगाने पुढे गेली. कॅरमच्या फळीवर पावडर टाकली की सोंगटी लांबवर घसरत जाते. घर्षण मुळीच नसते, तर ती थांबलीच नसती. गॅलिलिओने ओळखलेले हे जडत्व न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात नियम म्हणून मांडले.

हे जडत्व किती, हे सांगते वस्तुमान. वस्तुमान म्हणजे वजन नव्हे. चंद्रावर गेलात तर तुमचे वजन सुमारे सहावा हिस्सा भरेल. वस्तुमान मात्र तसूभरही घटणार नाही!

आता न्यूटनचा दुसरा नियम: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वेग जितक्या झटकन बदलायचा, तितके बल अधिक. समजा, मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे आणि धडक बसून एक दशांश सेकंदात थांबली. १० किलोच्या मुलाला तिच्याबरोबर थांबवायला १५०० न्यूटन बल हवे. म्हणजे ५० किलोंची तांदळाची तीन पोती एका झटक्यात पेलण्याइतके! कोणत्या आईचे हात ते पेलतील?

मग उपाय? क्रिकेटमधला खेळाडू झेल घेताना हात मागे नेतो. त्यामुळे चेंडू थांबायला वेळ अधिक मिळतो आणि हाताला बल कमी लागते. मोटारीतला पट्टा तेच करतो. तो माणसाला आसनाशी बांधतो, किंचित ताणला जातो आणि उरलेले बल छाती व कमरेच्या भक्कम हाडांवर वाटून देतो. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाची, पट्ट्यांची वेगळी खुर्ची मिळते.

म्हणजे त्या रात्री दादांचे चुकले नव्हते, सौ.चेही नव्हते, मुलीला मांडीवर घेऊन निघालो, तिथेच आम्हा तिघांचे चुकले होते. हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा सौ. बराच वेळ त्या १५०० च्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही."

आता छकुली मागच्या आसनावर, आपल्या खुर्चीत ऐटीत बसते. चकल्यांचा डबा डिकीत जातो. आणि किल्ली फिरवण्यापूर्वी दादा मागे वळून विचारतात, "काय, न्यूटनसाहेबांची परवानगी आहे ना?"